एक हजार नऊ धावांचे वजन

५ जानेवारी २०१६ रोजी दुपारी कल्याण पश्चिमेच्या वायलेनगर भागातील युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर धावफलक सांभाळणाऱ्यांना एका फलंदाजाच्या नावापुढे चार आकडी संख्या मांडावी लागली. सामना भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेतला, सोळा वर्षांखालील मुलांचा. के. सी. गांधी इंग्लिश स्कूलचा सलामीचा फलंदाज प्रणव धनावडे त्या वेळी पंधरा वर्षांचा होता. आदल्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा तो ६५२ धावांवर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी उपाहारापर्यंत ९२१ झाल्या आणि डाव घोषित झाला तेव्हा १००९ धावा करून तो नाबादच राहिला. कोणत्याही स्तरावरील क्रिकेटच्या उपलब्ध नोंदींत एका डावात हजार धावा करणारा दुसरा फलंदाज नव्हता.

कल्याणात रिक्षा चालवणाऱ्या एका गृहस्थाचा हा मुलगा. दोन दिवसांत त्याचे छायाचित्र जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले. सचिन तेंडुलकरने अभिनंदन करून स्वतःची स्वाक्षरी असलेली बॅट भेट दिली, मात्र अभिनंदनाबरोबरच अजून पुष्कळ मेहनत करायची आहे, असेही सुचवले. मुंबई क्रिकेट असोसिएशनने पाच वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. ठाण्याच्या जांभळी नाक्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत दुकानांची शटर खाली येत असताना एकच विषय होता. आजच्या तरुणांच्या तोंडी ‘गोट’ हा इंग्रजी आद्याक्षरांनी बनलेला शब्द आहे. सर्वकालीन सर्वश्रेष्ठ असा त्याचा अर्थ. तो शब्द त्या आठवड्यात पंधरा वर्षांच्या मुलासाठीही वापरला गेला.

व्यापारी घरांतील माणसाला मोठा आकडा दिसला की पहिला प्रश्न सुचतो तो त्यामागच्या हिशेबाचा. उलाढाल किती, हे समजल्याने पेढीची स्थिती समजत नाही. १००९ चा हिशेबही तसाच मांडून पाहण्यासारखा आहे.

प्रणवने ३२७ चेंडूंत १२९ चौकार आणि ५९ षटकार मारले. म्हणजे ८७० धावा सीमारेषेपलीकडे गेलेल्या चेंडूंच्या आणि केवळ १३९ धावा पळून काढलेल्या. त्याच्या संघाने तीन गडी गमावून १४६५ धावांवर डाव घोषित केला. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया संघाने केलेल्या ११०७ धावा त्यामुळे मागे पडल्या. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. एक डाव आणि १३८२ धावांनी विजय, असा निकाल नोंदवला गेला. नंतर आलेल्या बातम्यांतून उलगडले की आर्य गुरुकुलचे नेहमीचे खेळाडू परीक्षेच्या तयारीमुळे आले नव्हते आणि त्यांच्या जागी बरीच लहान मुले उतरली होती. त्यांतील काहींनी लेदर बॉलने क्वचितच खेळलेले होते. मैदानाची एक बाजू आखूड होती आणि झेलही पुष्कळ सुटले.

हे सारे खरे असले तरी ३२७ चेंडू बाद न होता खेळणे सोपे ठरत नाही. समोर कोणीही असो, पंधराव्या वर्षी साडेसहा तास खेळपट्टीवर उभे राहण्यासाठी जी एकाग्रता लागते ती उसनी आणता येत नाही. परंतु हा आकडा कशाचा पुरावा आहे आणि कशाचा नाही, हे त्या आठवड्यात फार थोड्यांनी तपासले. काही महिन्यांनी पश्चिम विभागाच्या सोळा वर्षांखालील संघात प्रणवचे नाव आले नाही, तेव्हा समाजमाध्यमांवर गदारोळ झाला. हजार धावा करणाऱ्याला वगळलेच कसे, असा प्रश्न विचारणाऱ्यांना निवडीसाठी इतर सामन्यांतील कामगिरीही पाहिली जाते, याचे भान नव्हते. एका डावाचे ओझे त्या मुलाच्या पाठीवर आता सामन्यागणिक चढू लागले. तो चाळीस धावांवर बाद झाला तरी ती बातमी होऊ लागली.

२०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनला पत्र लिहिले. मुलाची कामगिरी अपेक्षेप्रमाणे होत नाही, तेव्हा शिष्यवृत्ती थांबवावी. पुढे तो चांगला खेळला आणि संस्थेला योग्य वाटले तर पुन्हा विचार करावा, असा त्या पत्राचा आशय होता. दरमहा १०,००० रुपये ही रिक्षाचालकाच्या घरात लहान रक्कम नसते. मुदतीची तीन वर्षे शिल्लक होती आणि ती रक्कम घेत राहण्यात बेकायदेशीर असे काहीही नव्हते. सर्वश्रेष्ठ कोण याची चर्चा करणाऱ्या लेखांत या पत्राला जागा मिळत नाही, कारण ते धावफलकावर मावत नाही. पण त्या हजार धावांचे खरे मूल्यमापन सर्वांत आधी आणि सर्वांत नेटके कोणी केले असेल तर या गृहस्थांनी.

प्रणवने मोडला तो विक्रम ११६ वर्षांचा होता. तो करणारा आर्थर कॉलिन्स हा जन्माने भारतातला. हजारीबागमध्ये १८८५ साली तो जन्मला. इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात जून १८९९ मध्ये, तेरा वर्षांचा असताना, शाळेतल्याच दोन गटांच्या सामन्यात त्याने नाबाद ६२८ धावा केल्या. तो सामना अनेक दुपारी चालला. पुढे कॉलिन्स सैन्यात गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणभूमीवर मारला गेला. शतकभर त्याचे नाव विक्रमांच्या पुस्तकात राहिले, तरी महान फलंदाजांच्या यादीत ते कोणी घातले नाही. त्याच्यावर अन्याय झाला असेही कोणी म्हटले नाही.

शालेय क्रिकेटचे प्रचंड आकडे मुंबईच्या परिसराला नवीन नाहीत. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. त्या दिवशी कांबळीच्या धावा अधिक होत्या. गंमत अशी की कसोटी सरासरी पाहिली तर कांबळी आजही पुढे आहे: ५४.२०, तर तेंडुलकरची ५३.७८. केवळ सरासरीने श्रेष्ठत्व ठरत असते तर वाद तेथेच मिटला असता. पण कांबळीची सरासरी १७ कसोटींची आहे आणि त्याची कसोटी कारकीर्द वयाच्या तेविसाव्या वर्षी संपली. तेंडुलकरची सरासरी २०० कसोटींची, १५,९२१ धावांची आणि १९८९ पासून २०१३ पर्यंतच्या चोवीस वर्षांची. दोन दशके नफ्यात चाललेली पेढी आणि एका दिवाळीत चांगला गल्ला जमवलेले दुकान यांची वही वेगळी असते, हे बाजारातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

काळाची ही कसोटी मान्य केली तरी ‘सर्वकालीन’ या शब्दाचा प्रश्न सुटत नाही. वेगवेगळ्या काळातील खेळाडू एकमेकांसमोर कधीच आले नाहीत. खेळपट्ट्या बदलल्या, बॅट बदलल्या, हेल्मेट आले, सामन्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. मग तुलना कशाच्या आधारे करायची? त्यातल्या त्यात विश्वासार्ह मार्ग एकच दिसतो. खेळाडूला त्याच्याच काळातील इतरांशेजारी उभे करावे आणि मधले अंतर मोजावे. डॉन ब्रॅडमन यांचे नाव म्हणूनच वेगळे काढले जाते. ५२ कसोटी, ६९९६ धावा, सरासरी ९९.९४. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर अखेरच्या डावात ते शून्यावर बाद झाले. चार धावा केल्या असत्या तर सरासरी नेमकी शंभर झाली असती. ही कथा सर्वांनाच ठाऊक आहे. तिच्यातल्या हळहळीपेक्षा मोलाची बाब अशी की पुरेसे डाव खेळलेल्या इतर थोर फलंदाजांची सरासरी, तेव्हाची असो वा आजची, साठ-बासष्टच्या पुढे सरकत नाही. ज्या खेळपट्ट्यांवर आणि ज्या गोलंदाजांसमोर इतर जण खेळले, तेथेच ब्रॅडमन इतके पुढे गेले. अन्य कोणत्याही खेळात पहिला आणि दुसरा यांच्यात एवढे अंतर सहसा आढळत नाही.

प्रथम श्रेणी सामन्यांत ब्रॅडमन यांच्यानंतर सरासरीचा क्रमांक लागतो तो मुंबईच्या विजय मर्चंट यांचा: ७१.६४. गिरणी-व्यवसायातील ठाकरसी कुटुंबातला हा मुलगा. शाळेतील इंग्रज शिक्षिकेने नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला, आणि उत्तरातील व्यवसाय आडनाव म्हणून पटावर चढला, असे सांगतात. खरे असो वा नसो, व्यापाऱ्याचे आडनाव धावफलकावर सर्वाधिक काळ झळकले ते असे. मर्चंट केवळ दहा कसोटी सामने खेळले. ऐन उमेदीच्या वर्षांत दुसरे महायुद्ध आले आणि आंतरराष्ट्रीय सामने बंद पडले. १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या, त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि कसोटी कारकीर्द संपली. त्यांना ५० कसोटी मिळाल्या असत्या तर? खातेवहीत न झालेल्या व्यवहाराची नोंद करता येत नाही. पण ती संधी का मिळाली नाही, हे विसरून आकडे वाचणेही प्रामाणिकपणाचे होत नाही.

पुण्यातील एक प्रसंग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठियावाड यांच्यात रणजी सामना होता. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम नऊ धावांवर येऊन ठेपला होता. महाराष्ट्राच्या चार बाद ८२६ धावा झालेल्या. उपाहाराच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला आणि सामना तेथेच संपला. निंबाळकर पुढे ९२ वर्षे जगले, पण त्यांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही.

कल्याणच्या सामन्याशी हा प्रसंग ताडून पाहावा. पुण्यात राजघराण्यातील प्रौढ कर्णधाराला प्रतिस्पर्ध्याचा विक्रम सोसवला नाही. कल्याणात आर्य गुरुकुलची लहान मुले दोन दिवस चेंडूमागे पळत राहिली, झेल सोडत राहिली, पण मैदान सोडून गेली नाहीत. त्यांनी क्षेत्ररक्षण थांबवले असते तर १००९ हा आकडा अस्तित्वातच आला नसता. विक्रमाच्या नोंदीत त्यांच्यासाठी जागा नाही. श्रेष्ठ खेळाडूच्या चर्चेत प्रतिस्पर्धी नेहमी असाच अदृश्य राहतो, आणि तरीही प्रत्येक आकड्याचे अर्धे वजन त्याच्याकडूनच आलेले असते.

काहींना तर प्रतिस्पर्धी मैदानाबाहेरच भेटले. पळवणकर बाळू यांचा जन्म चर्मकार समाजातला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वातला. पुण्यातील इंग्रजांच्या क्लबात ते मैदानाची निगा राखण्याच्या कामावर होते. तेथील इंग्रज फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी घडली. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, म्हणून त्यांना संघात घेतले गेले. मात्र चहा त्यांना वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाची कामगिरी यथातथाच होती, पण बाळू यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच दिले गेले नाही. ते अखेर १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, मिळाले. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ मध्ये, तेव्हा बाळू पन्नाशीपलीकडे गेले होते. त्यांच्या नावापुढे कसोटी बळींची संख्या शून्य आहे. तरीही भारताच्या सर्वश्रेष्ठ गोलंदाजांची यादी त्यांच्या नावाशिवाय करणे जाणकारांना जमत नाही.

ही सगळी नावे एकाच खेळातली. खेळच वेगळे असले तर तराजूची पारडीच उरत नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडले. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले घर ७००० रुपयांना गहाण टाकले होते. पदक मिळाल्यावर सत्कार करणारे पुष्कळ असतात. निकालाआधी घर गहाण टाकणाऱ्याने खेळाडूची पारख कोणत्या आकड्यावरून केली असेल? खाशाबा मोठे की सचिन, हा प्रश्न शाळेच्या वादविवाद स्पर्धेपुरता ठीक आहे.

डोंबिवलीने या चर्चेत वेगळ्याच प्रकारची भर घातली आहे. एकदिवसीय सामन्यांत २६४ धावांचा जागतिक विक्रम करणाऱ्या रोहित शर्माचे आईवडील एकेकाळी डोंबिवलीत एका खोलीच्या घरात राहत. तो आजोबांकडे बोरिवलीला वाढला आणि सुट्टीच्या दिवशी इकडे येई. अजिंक्य रहाणे मात्र पूर्णपणे डोंबिवलीत घडला. जन्म संगमनेर तालुक्यातला, शाळा डोंबिवलीची, आणि क्रिकेटचे पहिले धडे एका लहानशा शिबिरात, मॅटिंग विकेटवर, कारण मोठ्या प्रशिक्षणाचा खर्च घराला परवडणारा नव्हता. रिक्षाचे पैसे वाचवण्यासाठी आई एका हाताशी धाकट्या भावाला आणि दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन मैदानापर्यंत चालत जाई, असे त्याने पुढे सांगितले आहे. एकट्याने लोकलने सीएसटीला जाण्याची पहिली वेळ आली तेव्हा वडील त्याला न सांगता मागच्या डब्यात बसून आले होते, हीदेखील त्यानेच सांगितलेली आठवण. सकाळच्या डोंबिवली स्थानकावर किटबॅग घेऊन गाडीत चढणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

रहाणेला कोणी सर्वकालीन सर्वश्रेष्ठ म्हणत नाही. ८५ कसोटींत ५०७७ धावा, १२ शतके, सरासरी ३८.४६. त्याच्याच संघातील काही फलंदाजांचे आकडे याहून कितीतरी वजनदार आहेत. पण १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला, तो भारताच्या कसोटी इतिहासातील नीचांक होता. नियमित कर्णधार विराट कोहली कौटुंबिक कारणासाठी मायदेशी परतला, मोहम्मद शमी जायबंदी झाला. आठवड्याभराने मेलबर्नला कर्णधार म्हणून उतरलेल्या रहाणेने ११२ धावा केल्या आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. सामनावीराला त्या वर्षी प्रथमच जॉनी मुलाघ पदक देण्यात आले. मुलाघ हे १८६८ मध्ये इंग्लंडचा दौरा करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील आदिवासी संघाचे सर्वांत गुणी खेळाडू. आपल्या बाळूंच्या दौऱ्यापूर्वी त्रेचाळीस वर्षे ते इंग्लंडमध्ये खेळून आले होते आणि मायदेशात त्यांच्याही वाट्याला भेदभाव आलाच. ते पदक पहिल्यांदा गळ्यात पडले ते डोंबिवलीत वाढलेल्या खेळाडूच्या.

पुढच्या सिडनी कसोटीत प्रेक्षकांतून मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. पंचांनी हवे असल्यास मैदान सोडण्याचा पर्याय दिला होता, आणि रहाणेने आम्ही खेळणार असे सांगितले, असे सिराजने नंतर जाहीरपणे सांगितले. शिव्या देणाऱ्यांनी मैदानाबाहेर जावे, खेळायला आलेल्यांनी का, अशी ती भूमिका होती. जखमी खेळाडूंमुळे ब्रिस्बेनला उतरलेल्या संघात बरेचसे गोलंदाज नवखे होते. जुन्या ठाणे जिल्ह्यातील पालघरच्या शार्दूल ठाकूरने तेथे सात बळी घेतले, पहिल्या डावात ६७ धावा केल्या, आणि १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरलेला नव्हता. बक्षीस समारंभात रहाणेने शंभरावी कसोटी खेळणाऱ्या नेथन लायनला सर्वांच्या स्वाक्षऱ्यांचा भारतीय संघाचा शर्ट भेट दिला. मुंबईत घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी स्वागतासाठी केक आणला होता, त्यावर कांगारूची आकृती होती. कांगारू हा त्या देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे, हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचाही मान राखायला हवा, या विचाराने त्याने तो केक कापला नाही. सरासरी मोजणाऱ्यांना अशा गोष्टी मांडायला रकाना नसतो, म्हणून त्या ३८.४६ च्या मागे झाकल्या जातात.

मार्च २०२४ मध्ये मुंबईने ४२ व्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाही कर्णधार रहाणेच होता. त्या हंगामात अंतिम सामन्यातील ७३ धावांखेरीज त्याची स्वतःची बॅट फारशी बोलली नाही. उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध मुंबईचा नववा गडी बाद झाला आणि दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियनला साथ देण्यासाठी अकराव्या क्रमांकावर कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे आला. दोघांनी शेवटच्या जोडीसाठी २३२ धावा जोडल्या. कोटियन १२० नाबाद, देशपांडे १२३. एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी शतके करण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ती केवळ दुसरी वेळ. पहिली १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी यांची.

देशपांडे लहानपणी कल्याणहून शिवाजी पार्क जिमखान्यात निवड चाचणीला गेला होता तो फलंदाज म्हणून. तेथे फलंदाजांची रांग फार मोठी होती. तिच्यात उभे राहिले तर कल्याणला परतायला उशीर होणार होता. म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.